जी.ए. दिल्यावर पेशीतलं प्रोटीन तुटतं म्हणे. मग मणी फुगतो कसा?

थॉमसनवाला_तासगाव · २८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. छाटणी १० ऑक्टोबरची, उद्या पन्नासावा दिवस. मणी तीन-चार एमएमवर आलेत. उद्या सकाळी पहिलं डिपिंग, म्हणजे घड जी.ए.च्या (जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या) पाण्यात बुडवायचे. बाया सातला येणार. जी.ए.ची पाकिटं, विरघळवायला अ‍ॅसिटोन, पाण्याचा पीएच खाली आणायला युरिया फॉस्फेट, सगळं शेडमध्ये मांडून ठेवलंय.

परवा एका चर्चासत्राला आण्णांना (वडील) घेऊन गेलो होतो. वक्ते बोलता बोलता म्हणाले, "जिब्रेलिक अ‍ॅसिड पेशीतलं एक प्रोटीन तोडायला लावतं, बाकी काही नाही." आण्णांनी तिथंच मला कोपर मारलं. "अरं, प्रोटीन तोडलं तर मणी वाळायला पाहिजे, फुगतोय कसा?" मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडून बागेत आलोय, त्यामुळं घरात मीच शास्त्रज्ञ. उत्तर आलं नाही. घरी येऊन इंग्रजीत वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं.

दुसरं म्हणजे, बांधाशेजारचे काका म्हणतात, पाकीट २५ लिटरऐवजी १५ लिटरातच कर, मणी टप्पोरा होतो. करू का? उद्या सकाळच्या आत सांगा.

कृष्णाकाठ_पलूस · २८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

पंधरा लिटरात अजिबात करू नको. मी केलंय. देठ लाकडागत कडक झाला, पेटीत भरताना मणी गळून हातात. व्यापाऱ्यानं किलोमागं काय कापलं ते इथं लिहीत नाही, बायकोपण वाचते.

प्रोटीनचं मला ठावं नाही. मिरजेच्या बाई जाग्या असतील तर त्या सांगतील.

निवृत्त_वनस्पतीवाली · २८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

जागी आहे. आण्णांना माझा नमस्कार सांग. अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण वर्गात हा प्रश्न कुणी असा सरळ विचारला नाही. माझं माहेरही तुमच्याच बाजूचं, बाग घरची, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक हिशेब कर. एक ग्रॅम पाकीट, २५ लिटर पाणी, म्हणजे ४० पीपीएम (दहा लाख भागांत ४० भाग). त्या एका ग्रॅमात किती घड बुडतात बघ. मणी भरायला लागणारा माल त्यातून येणं शक्य आहे का? साखर पानातून येते, पाणी मुळातून. जी.ए. मण्याला खायला काहीच देत नाही. ते नुसता निरोप देतं, आणि निरोप एवढाच की, दावं सोडा.

मण्याच्या पेशीत वाढीची जनुकं चालू करणारी प्रोटीनं आधीपासून हजर असतात. गोठ्यात बैल तयार आहे, पण दाव्याला बांधलाय. ते दावं म्हणजे डेला नावाचं प्रोटीन. (त्याच्या एका टोकाला पाच अमिनो आम्लं ठरावीक क्रमानं येतात, त्यांची अक्षरं ओळीनं वाचली की डी-ई-एल-एल-ए. शास्त्रज्ञांना बारशाला आत्या मिळाली नाही की असं होतं.) डेला त्या कामाच्या प्रोटीनांना धरून ठेवतं, जनुकांपर्यंत जाऊ देत नाही. डेला तुटलं की बैल सुटला. आण्णांना सांगा, तुटतं ते दावं. बैल शाबूत आहे.

बी असलेल्या द्राक्षात बी स्वतःच जिब्रेलिन (जी.ए. त्याच घराण्यातलं) पुरवतं, तिथं दावं आपोआप सुटतं. आपल्या थॉमसनला बी नाही, म्हणून मणी बारका राहतो आणि म्हणून बाया सकाळी सातला येतात.

आता तोडणारा कोण? जी.ए.च्या हातात कोयता नाही. पेशीत जीआयडी-१ नावाचं एक प्रोटीन आहे, २००५ मध्ये जपानी संशोधकांना ते भाताच्या रोपात सापडलं. त्याला एक खोबण आणि वर झाकण. जी.ए. खोबणीत बसलं की झाकण मिटतं आणि त्या मिटलेल्या झाकणाला डेला येऊन चिकटतं. आता डेला पकडलं गेलं. मग खूण करणारी एक टोळी येते आणि त्याच्यावर युबिक्विटिनचे बिल्ले लावते. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रोटीन. यीस्टमधलं आणि तुझ्या-माझ्यातलं ताडून बघितलं तर ७६ पैकी फक्त ३ ठिकाणी फरक. उत्क्रांतीनं इतकं न बदललेलं दुसरं प्रोटीन शोधायला कष्ट पडतात. एका बिल्ल्यानं सहसा भागत नाही, निदान चारांची माळ लागते.

बिल्ला लागला की माल कुट्टीला. तुमच्या गोठ्यातलं कडबाकुट्टी यंत्र डोळ्यांसमोर आण. पाती आत, वर पत्र्याचं झाकण, कडबा घालायला तोंड अरुंद. पेशीतल्या यंत्राचं नाव प्रोटिअसोम. पिंपासारखं, चार कडी एकावर एक, प्रत्येक कड्यात सात तुकडे. पाती फक्त मधल्या दोन कड्यांच्या आतल्या अंगाला. बाहेर पाती असती तर पेशीतलं दिसेल ते प्रोटीन कापलं गेलं असतं. पिंपाच्या तोंडावर एक टोपी बसते. ती बिल्ला तपासते, बिल्ले काढून परत वापराला देते (गुरांच्या कानातला बिल्ला कुट्टीत कोण घालतं?), मग गुंडाळी झालेलं प्रोटीन उलगडून दोरीसारखं आत ओढते. पलीकडून बारके तुकडे पडतात, त्यांची पुढं सुटी अमिनो आम्लं होतात आणि नव्या प्रोटीनला कामी येतात. पेशी भंगार टाकत नाही.

या सगळ्याला वीज लागते, म्हणजे एटीपी. हीच गोष्ट लोकांना कित्येक वर्षं कळत नव्हती. पोटात अन्नातलं प्रोटीन पचतं, तिथं एटीपीचा खर्च नाही. मग पेशीत प्रोटीन मोडायला ऊर्जा कशाला? १९५३ मध्ये उंदराच्या यकृताच्या कापांवर हे दिसलं होतं, पण कारण सापडेना. इस्राएलच्या हैफा शहरात हर्श्को आणि त्यांचा विद्यार्थी सिएखानोव्हर यांनी सशाच्या कोवळ्या रक्तपेशींचा अर्क घेतला. त्यातल्या एका भागात हिमोग्लोबिनची इतकी गर्दी की बाकी काही वेगळं करता येईना. त्यांनी तो भाग चक्क तापवला. दूध नासल्यावर चोथा खाली बसतो तसं हिमोग्लोबिन बसलं, आणि वरच्या निवळीत त्यांना हवा असलेला घटक टिकून राहिला. तोच पुढं युबिक्विटिन निघाला. अमेरिकेचे अर्विन रोझ यांच्यासह तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल. प्रोटीन तापवू नये ही आम्ही प्रॅक्टिकलला देत असलेली पहिली सूचना. मी हे वाचल्यावर माझ्या एका विद्यार्थ्याची मनातल्या मनात माफी मागितली.

आता पंधरा लिटरचं. दावं तोडायला एक घाव पुरतो, तुटलेल्या दाव्यावर आणखी चार घाव घालून बैल जास्त पळत नाही. ४० पीपीएमला दावी तुटत असतील तर ६७ ला तुटायला शिल्लक काय? वरचं जी.ए. मग भलतीकडं काम करतं. देठातही डेला आहे, तिथंही दावं सुटतं, देठ जाड होतो, कडक होतो. पलूसकरांनी सांगितलंच आहे.

आणि खरा फटका पुढच्या वर्षी बसतो. मी दहावीत असताना आमच्या बाबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून डोस दीडपट केला होता. त्या साली माल दिसायला झकास. पुढच्या ऑक्टोबरला छाटणी झाली, डोळे फुटले, आणि ओळीच्या ओळी नुसत्या बाळ्या (वेल आधाराला धरते ते तंतू). घड नाहीतच. बाबा बांधावर बसून राहिले होते. सगळा दोष जी.ए.चा होता असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही, त्या साली उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर ऊनही कमी पडलं होतं. पण बाळी आणि घड (पुस्तकात बाळीला प्रतान म्हणतात) ही एकाच अंकुराची दोन रूपं आहेत. जिब्रेलिन जास्त तर बाळी, कमी तर घड. म्हणून तर खरड छाटणीनंतर सूक्ष्मघड तयार होताना तुम्ही सायकोसील मारता. ते वेलीला जिब्रेलिन बनवू देत नाही, दावं शाबूत राहतं.

याचा पुरावा मोठा गोड आहे. फ्रान्समध्ये शॅम्पेनसाठी पिनो म्यूनिए नावाचं द्राक्ष लावतात. म्यूनिए म्हणजे पिठाची गिरणीवाला, कारण पानावर पांढरी लव, पीठ सांडल्यासारखी. या वेलीच्या फक्त वरच्या थरातल्या पेशींत डेलाचं जनुक बिघडलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्या थरापासून अख्खी वेल वाढवली, निष्कर्ष २००२ मध्ये छापले. वेल निघाली बुटकी, आणि जिथं जिथं बाळी यायची तिथं तिथं घड! तिचं डेला असं बदललं होतं की जी.ए.चा निरोप त्याला ऐकूच येत नव्हता. दावं तुटतच नाही.

आणि हे फक्त द्राक्षाचं नाही. हरितक्रांतीचा बुटका गहू आठवतो का? नोरिन-१० या जपानी वाणातून आलेलं बुटकेपण. त्याचंही डेला जिब्रेलिनला दाद देत नाही, कारण ते पकडायचं टोकच त्यात नाही. ताट आखूड, युरिया घातला तरी लोळत नाही. त्या गव्हावर जी.ए.ची अख्खी पाकिटं ओतली तरी तो उंच व्हायचा नाही. १९६०च्या दशकात देशाला तगवणारं पीक एका न तुटणाऱ्या प्रोटीनवर उभं होतं, आणि ते कळलं १९९९ मध्ये.

बारा वाजत आले. २५ लिटरच.

वाईचा_बापू · २९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

बाई, लेख छान. वाईत राहतो, विश्वकोशाचं कार्यालय उशाला, तरी हे ठाऊक नव्हतं. पण माझ्यातल्या इंजिनिअरला एक पटत नाही. आधी खर्च करून प्रोटीन बनवायचं, मग खर्च करून तोडायचं. लागेल तेव्हाच बनवलं तर? हा काय कारभार झाला?

निवृत्त_वनस्पतीवाली · २९ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

बापूसाहेब, आमचा आयर्विन पूल बघा. कोयनेतून विसर्ग बंद केला म्हणून सांगलीत पाणी त्याच दिवशी उतरत नाही. आधीचं पाणी पुढं वाहून जावं लागतं. पेशीत प्रोटीनची पातळी झटक्यात खाली आणायची तर नुसतं बनवणं थांबवून चालत नाही, आहे ते काढावं लागतं.

पेशी दुभंगते तेव्हा हे मिनिटांच्या हिशेबात चालतं. टिम हंट यांनी १९८२ मध्ये समुद्री साळूच्या अंड्यांत एक प्रोटीन बघितलं. दर विभाजनाआधी वाढायचं आणि ऐन वेळी गायब. नाव ठेवलं सायक्लिन. ते मोडलं नाही तर पेशी विभाजनातून बाहेरच येत नाही.

उलटंही असतं. पी-५३ नावाचा आपल्या पेशीतला राखणदार एरवी बनतो आणि साधारण वीस मिनिटांत अर्धा मोडलाही जातो. तुम्हाला हा निव्वळ तोटा वाटेल. पण डीएनएला इजा झाली की पेशी फक्त मोडणं थांबवते, आणि पातळी लगेच चढते. नवीन बनवायला सुरुवात करण्यात वेळ जात नाही. घरात एक माणूस सतत जागा ठेवण्याचा खर्च म्हणा.

कृष्णाकाठ_पलूस · २९ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

बाई, ह्याच धाग्यात विचारतो. शेजाऱ्यानं उसात टू-फोर-डी तणनाशक मारलं, वारं आमच्याकडं. बागेतली शेंड्याची पानं पंख्यागत झाली, शिरा जवळ जवळ, कडा कातरल्यागत. हेपण तुमच्या कुट्टीतलंच प्रकरण काय?

निवृत्त_वनस्पतीवाली · २९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अगदी त्यातलंच. टू-फोर-डी हा ऑक्झिन नावाच्या संप्रेरकाचा तोतया. ऑक्झिन खूण करणारी टोळी आणि दुसरं एक दावं यांच्या मध्ये डिंकासारखं बसतं आणि दोघांना चिकटवतं. मग बिल्ला, मग कुट्टी. खरं ऑक्झिन काम झालं की वेल स्वतः आवरून ठेवते, तोतयाला आवरणं तिला जमत नाही. दावी तुटतच राहतात, पेशी वेड्यावाकड्या वाढतात. द्राक्ष याला फार हळवं. ऊस गवताच्या कुळातला, तो पचवून घेतो, म्हणून शेजाऱ्याला काहीच दिसत नाही आणि तो म्हणतो "मी काय केलं?" भांडण करण्याआधी पानांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.

मेडिकलवाला_मिरज · २९ नोव्हेंबर, दुपारी १:४०

दुकानात बसून सगळं वाचलं. कुट्टी यंत्र मी रोज विकतो म्हणायला हरकत नाही, म्हणजे ते बंद पाडणारं औषध. बोर्टेझोमिब. मल्टिपल मायलोमाचे (रक्ताच्या एका कॅन्सरचे) पेशंट इथं सांगली-साताऱ्यातून येतात, पार कर्नाटकातूनही येतात. बारकी कुपी, आत पांढरी पूड, पोटाच्या नाहीतर मांडीच्या कातडीखाली इंजेक्शन. अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालं. या रेणूत बोरॉन आहे, तो प्रोटिअसोमच्या पात्यात जाऊन अडकतो. मायलोमाच्या पेशी रात्रंदिवस अँटिबॉडीचं प्रोटीन ओतत असतात, त्यातलं बिघडलेलंही ढीगभर. कुट्टी बंद पडली की आधी त्याच कचऱ्यात गुदमरतात. बाकीच्या पेशींनाही झळ लागते, हातापायाला मुंग्या येतात, पण त्या तग धरतात.

एक आजोबा नातवाच्या सांगण्यावरून रोज ग्रीन टी प्यायचे, तब्येतीला चांगला म्हणून. डॉक्टरांनी बंद करायला लावला. त्यातला एक घटक बोरॉनलाच जाऊन चिकटतो आणि औषध पात्यापर्यंत पोचण्याआधीच निकामी होतं, असं प्रयोगांत दिसलंय. आजोबा खूश. म्हणाले, "मला तर तो आवडतच नव्हता." (कुणी यावरून स्वतःचं काही ठरवू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.)

त्याच आजारातली लेनालिडोमाइडची गोळी मात्र बरोबर उलटं करते. ती खूण करणाऱ्या टोळीला भलत्याच प्रोटीनवर बिल्ला लावायला लावते.

निवृत्त_वनस्पतीवाली · २९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

म्हणजे ती गोळी आमच्या ऑक्झिनची सख्खी बहीण आणि जी.ए.ची चुलत. थॅलिडोमाइडच्या घराण्यातली ना ती? १९६१ पर्यंत गरोदर बायकांना मळमळीवर दिलं जायचं आणि हजारो मुलं अधू जन्मली, ते थॅलिडोमाइड. ते पेशीत नेमकं कुणाला धरतं, हे कळायला २०१० उजाडलं. पन्नास वर्षं.

थॉमसनवाला_तासगाव · २९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

झालं डिपिंग. २५ लिटरनंच. चौदा बाया, दुपारी एकपर्यंत एक एकर उरकलं. बाकी उद्या-परवा.

आण्णांना सकाळी पाणी कालवताना सगळं सांगितलं. दावं म्हटल्यावर लगेच कळलं. मग अर्धा तास गप्प. मग म्हणाले, "मग दुसऱ्यांदा कशाला बुडवायचं? तुटलेलं दावं परत कोण बांधतंय?" बाई, ह्याला उत्तर द्या, नाहीतर सहा-सात एमएमचं डिपिंग ते रद्द करतील.

आणि काकांचं मन मोडायला नको म्हणून कडेच्या एका ओळीत पंधरा लिटरचं दिलंय. फक्त एक ओळ, बाई, ओरडू नका. दोन्हीचे फोटो जानेवारीत टाकतो.

निवृत्त_वनस्पतीवाली · २९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पेशीच बांधते. डेलाचं जनुक बंद पडलेलं नसतं, नवं दावं वळणं चालूच असतं. शिवाय डेला घटलं की वेल स्वतःचं जिब्रेलिन बनवणं कमी करते आणि असलेलं मोडायला घेते. आठवड्याभरात तू दिलेलं ओसरतं आणि दावी परत दिसू लागतात. म्हणून दुसरी बुडवणी, आणि तेव्हा ३० पीपीएम पुरे. आण्णांना म्हणावं, मी वर्गात असते तर तुम्हाला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

त्या एका ओळीच्या वेलींना आत्ताच रिबन बांध. मण्याचे फोटो चालणार नाहीत, प्रत्येकाला आपला मणी मोठाच दिसतो. व्हर्निअरनं दोन्हीकडचे पन्नास-पन्नास मणी मोज. आणि जानेवारीत थांबू नको, त्याच वेलींवर पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड किती आणि बाळ्या किती, ते मोजून इथं लिही.